ज्युनिअरने सोय मागायची कोणाकडे?

स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तीने वकिली मसुदालेखनापुरतीच करावी, हा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तो मला पटत नाही. ठाणे जिल्हा न्यायालयात मला उलटतपासणी जड जात नाही, कारण तिची तयारी आधी करता येते. जड जातो तो खटल्यांच्या पुकाऱ्याच्या वेळचा गलबला आणि सीनिअरांनी चालता चालता दिलेल्या अर्धवट सूचना. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत स्वमग्नता आहे, आणि विकास कुमार प्रकरणात (2021) सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयीचा, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार कामाच्या पद्धतीत बदल मिळण्याचा, हक्क किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीशी बांधला नाही. तथापि सीनिअर वकिलाच्या चेंबरमधला (कार्यालयातला) ज्युनिअर सहसा कोणाचा कर्मचारीच मानला जात नसल्याने ती सोय मागायची कोणाकडे, हा खरा पेच आहे. मी मागितलेली सोय एवढीच होती, की सूचना लेखी द्याव्यात. (त्यात सीनिअरांचाही वेळ वाचतो.)