एमजीएमध्ये अँबॅसिडरचं इंजिन: चालेल की नाही?

तिसरा_गिअर

एमजीए म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आणि इसुझू १.८ म्हणजे आपल्या हिंदुस्थान कंटेसा गाडीतलं जपानी इंजिन. काल इथं 'रेडलाइन' यांनी लिहिलं ते जसंच्या तसं देतो: "एमजीए घेणाऱ्यांनी मूळ इंजिनाचा नाद सोडावा. इसुझू १.८ बसवलेली मिळाली तर डोळे झाकून घ्या. अँबॅसिडरचं इंजिन टाकलेली एमजीए म्हणजे सूट घातलेली टॅक्सी." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलेली बघून राहवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझा आतेभाऊ सध्या दोन गाड्या बघतोय, त्यामुळे घरात जेवतानाही हाच विषय. एक बावधनला आहे: १९५७ची एमजीए १५००, आत अँबॅसिडरचं इंजिन. मूळ इंजिन मालकाच्या गोडाउनात सुटं पडलंय आणि त्याचे तो वेगळे पैसे मागतोय. दुसरी मुंबईची, इसुझूवाली, चकाचक.

आता मुद्दा. एमजीए १५००चं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज, १४८९ सीसी. आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे धडधडत होतं तेही बीएमसीचं बी सिरीज, १४८९ सीसीच. एमजीला दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे), कॉम्प्रेशन जास्त, कॅम वेगळा, म्हणून सुरुवातीला ६८ आणि नंतर ७२ हॉर्सपॉवर. अँबॅसिडरला एक कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन कमी, पन्नासच्या आसपास. म्हणजे फरक बराचसा वरच्या मजल्यावरचा. हेड, कॅम, मॅनिफोल्ड आणि दोन एसयू चढवा, सम्प (खालचं तेलाचं पात्र) आणि बॅकप्लेट (इंजिनाची मागची पाटी) एमजीचेच ठेवा, तुमची गाडी एमजीसारखीच पळेल. उद्या मूळ इंजिन तयार झालं की हे काढून ते बसवा, चासीला टाचणीचाही ओरखडा नाही.

इसुझूचं तसं नाही. तो ओव्हरहेड कॅमचा, १८१७ सीसीचा, सोबत पाच गिअर. कंटेसात ८८ हॉर्सपॉवर द्यायचा, इंजिन उत्तमच आहे. पण एमजीएत घालायचा तर चासीवर नवे माउंटिंग वेल्ड करा, टनल (गिअरबॉक्सवरचा फुगवटा) कापा. आणि ८८ हॉर्सपॉवर थांबवायला काय? १५००ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढचे डिस्क १९५९च्या १६००पासून आले. खंबाटकी चढणं सोपं हो, साहेब. उतरताना काय करणार?

रेडलाइन

मुंबईच्या त्या गाडीला पुढे डिस्क टाकलेत. न बघता लिहायची सवय जुनी दिसते.

मी गाडी चालवतो, पुसत नाही. दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर घुसमटणाऱ्या इंजिनामागे उसाच्या ट्रॉलीचा धूर खात बसायची हौस मला नाही. पाचवा गिअर म्हणजे काय ते सातारा रस्त्यावर ऐंशीनं जाताना कळतं. एमजीएत ऐंशीला चौथ्यात इंजिन बोंबलत असतं आणि शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. इसुझू शांतपणे जातो. कंटेसाचे सुटे भाग जुन्या बाजारात रविवारी सापडतात, तुमच्या एमजीचं वॉटर पंपसुद्धा इंग्लंडहून मागवायचं. टॅक्सी म्हटलं ते लागलं असेल तर वाक्य मागे घेतो. टॅक्सी तरी रोज चालते.

रिव्हेट

दोघंही चुकताय, फक्त तिसरा_गिअर जरा कमी.

२०२१च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली, चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली गाडीच त्यात बसते. मग 'व्हीए' नंबर, नोंदणीचे वीस हजार, मुदत दहा वर्षं. आता सांगा, इसुझूवाली गाडी कुठल्या तोंडानं पुढे करणार? अँबॅसिडरवाल्यांनीही फार हसू नये. एकच घराणं असलं म्हणून कागदावर एकच इंजिन होत नाही.

आणि नंबर स्वतः जाऊन बघा. एमजीएचा इंजिन नंबर ब्लॉकवर रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. १५००चा १५जीबी किंवा नंतरच्या गाड्यांत १५जीडीनं सुरू होतो. पट्टी नवी करून मिळते, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. रिव्हेटचं डोकं ताजं चमकतंय आणि भोवती साठ वर्षांचं तेल-काळं, असं दिसलं की चहा पिऊन निघायचं.

बावधनवाल्याला आधी गोडाउनातल्या इंजिनाबद्दल विचारा. ते नसेल तर त्या गाडीची किंमत निम्मी समजा.

रेडलाइन

तोच नियम पुढं वाचा की. व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढंच. म्हणजे वीस हजार भरून पेट्रोल पंपापर्यंत फिरायचं. आधीपासून नोंद असलेली गाडी जुन्या नंबरवर तशीच ठेवता येते. इंजिन बदललं तर परवानगी घेऊन आरसीवर चढवा, विषय संपला. व्हिंटेजवाल्यांना गाडी नको असते, कागद हवा असतो.

निवृत्त_मशीनशॉप

पस्तीस वर्षं भोसरीत बोरिंग-ग्राइंडिंग केलं. बी सिरीज ब्लॉक इतके हाताखालून गेलेत की वासानं ओळखतो.

वरची सगळी चर्चा ऐकून एकच विचारतो: बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, कुणी मोजला का? नाही. हल्ली पोरं सिलिंडरमध्ये बोट फिरवतात आणि सांगतात, "काका, वेअर नाहीये." बोटाला कळत असतं तर आम्ही बोअर गेज कशाला घेतले? गोडाउनातलं इंजिन पावसात भिजलंय का, क्रँक आधी किती अंडरसाइजला घासलाय, पाण्याच्या जॅकेटला तडा आहे का, हे बघितल्याशिवाय त्याला 'मूळ इंजिन' म्हणू नका, भंगार म्हणा. मॅचिंग नंबरचा, म्हणजे गाडीचा मूळचाच, एक ब्लॉक एक गृहस्थ देवघरातल्यासारखा कापडात गुंडाळून घेऊन आले होते. प्रेशर टेस्ट केली, तीन ठिकाणी पाणी.

तेल गळण्यावरून कुणी गाडी नाकारू नये. मागच्या मेन बेअरिंगला या इंजिनात रबरी सील नसतं, स्क्रोल, म्हणजे शाफ्टवरची सर्पिल खाच असते, ती तेल परतवते. बेलहाउसिंगखाली भोकात स्प्लिट पिन लटकते, तिच्यावरून थेंब पडतो. तो पडणारच. पडायचा बंद झाला तर आधी तेल तपासा.

आणि इंजिन कुठलंही टाका, आजचं पेट्रोल सगळ्यांनाच खाणार आहे. २०००च्या फेब्रुवारीत शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हा सगळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटच्या नावानं रडले. आम्ही हार्ड सीट बसवून दिले, मिटलं. ई-२०चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं, तसं मिटत नाही.

पर्वती_पायथा

काकांनी दुखरी नस दाबली. माझी जुनी स्टँडर्ड हेराल्ड गाडी आहे, ९४८ सीसी. पावसाळ्यात उभी होती. काढली तर टाकीत तळाला पाणी, कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पांढरा गाळ आणि पेट्रोलचा पाइप जेलीसारखा. पंपावर विचारलं तर पोरगा म्हणतो, "साहेब, नवीन गाडी घ्या."

गॅरेजवाल्याची_बायको

आमच्याकडे महिन्याला दोन-तीन जुन्या गाड्या याच कारणानं येतात. एमजीएवाल्यांसाठी सांगते: किल्ली फिरवली की मागचा एसयू पंप टकटक करतो आणि बाउल भरले की थांबतो. थांबत नसेल तर कुठेतरी गळतंय किंवा हवा ओढतोय. त्यातला डायफ्राम इथेनॉलनं कडक होतो. कार्ब्युरेटरमध्ये जेटभोवती बुचाच्या सील असतात, त्याही जातात. पाइप व्हायटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) टाका. मिश्रण पातळ पडतं, तेव्हा जेटचा नट एखादा फ्लॅट (षटकोनाची एक बाजू) खाली उतरवा, प्लगचा रंग बघा. एवढं केलं की चालते. रडायची गरज नाही.

उसाचा_पोर

सगळं वाचतोय. पुण्यात बसून जेलीसारख्या पाइपबद्दल अश्रू ढाळणाऱ्यांना सांगतो, आमच्या दौंडकडं एफआरपीचं (सरकारनं ठरवलेल्या ऊसदराचं) बिल थकलं की घरात काय होतं ते कधी बघायला या. इथेनॉल आलं म्हणून कारखान्याच्या हातात पैसा आला. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंधन घातलं तेव्हा आमच्यातले किती जण हवालदिल झाले, ते तुमच्या धाग्यात आलं नाही. तुमच्या रविवारच्या मिसळीच्या फेरीसाठी शेतकऱ्यानं मागं जायचं का?

पर्वती_पायथा

शेतकऱ्याला मध्ये आणू नका हो. माझंही गाव आहे. मी एवढंच म्हणतोय की पंपावर साधं पेट्रोल पण ठेवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी, मग भाव तोच का?

उसाचा_पोर

भावाचं कारखान्याला विचारू नका, ज्यांनी ठरवला त्यांना विचारा. आणि गाव आहे म्हणता, तर उसाचं बिल शेवटचं कधी घेतलं?

पर्वती_पायथा

वैयक्तिक होऊ नका.

उसाचा_पोर

गाव तुम्हीच काढलं.

निवृत्त_मशीनशॉप

इथेनॉल मका-तांदळापासूनही होतं, सगळं उसाच्या डोक्यावर नका मारू. आणि दोघंही जरा शांत व्हा, बीपीची वयं झाली.

गॅरेजवाल्याची_बायको

वाईट वाटून घेऊ नका, पण ज्यांची गाडी वर्षातून चारदा निघते त्यांचं पेट्रोल टाकीत कुजतं, त्यात इथेनॉलचा दोष कमी आणि मालकाच्या आळसाचा जास्त. दर पंधरवड्याला कात्रजच्या जुन्या घाटात नेऊन आणा, पाणी साठणार नाही.

पर्वती_पायथा

आळस? ठीक आहे. गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही. त्यालाही आळस म्हणा.

तिसरा_गिअर

धागा एमजीएचा होता, आठवण करून देतो.

रिव्हेट, नियमाचं तुम्ही सांगितलंत ते बरोबर, मानलं. पण व्हीए नंबर मिळेल की नाही यावर कुणी गाडी चालवायला घेत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. माझा मुद्दा परतीचा आहे: अँबॅसिडरचं इंजिन काढता येतं, कापलेला टनल शिवता येत नाही. मशीनशॉप काकांचं ऐकून आतेभावाला बोअर गेजवाला माणूस घेऊनच बावधनला जायला सांगितलंय.

रेडलाइन

बरं, चासी कापणं मलाही आवडत नाही, लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पण दोन एसयू सिंक्रोनाइझ करायला रविवारची सकाळ गेली, नळी कानाला लावून फुसफुस ऐकत बसलात आणि सिग्नलला आल्यावर परत एक सिलिंडर मिस करायला लागला, की माझी आठवण काढा. तुमच्या त्या अस्सल इंजिनात ताकद नसते, संयम असतो. आणि ताकदच हवी होती तर एमजीएचीच ट्विन कॅम होती की. १५८८ सीसी, १०८ हॉर्सपॉवर, आणि पिस्टन जाळण्यात जगभर नावाजलेली. तीही अस्सलच.

रिव्हेट

ट्विन कॅम दोन हजारांच्या आसपासच बनल्या, इथं कुणाला मिळणार? वाद जिंकायला इतक्या लांब जाऊ नये.

आतेभाऊ

मीच तो. सगळ्यांचे आभार, उसाचा_पोर यांचेही.

बावधनला गेलो होतो. अँबॅसिडरचं इंजिन चांगलं निघालं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळपास सारखं, धूर नाही, पिनवरून थेंब पडतो. गोडाउनातलं इंजिन बघायला मागितलं तर मालक आधी हो म्हणाले, मग फोन बघत बसले, मग म्हणाले की ते आता गाडीसोबत द्यायचं नाही, वेगळंच विकायचं ठरलंय. कारण विचारलं. म्हणाले, "त्या रिव्हेटनं लिहिलंय ना, त्याशिवाय गाडी निम्म्या किमतीची. म्हणजे उरलेली निम्मी त्या इंजिनाची."

रिव्हेट

गाडीची किंमत तरी निम्मी केली का त्यांनी?

आतेभाऊ

नाही.

रेडलाइन

मुंबईची अजून आहे. डिस्कसकट. नंबर पाठवू?