मदत हवी आहे: झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी संदर्भ कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या आरक्षण धोरणावर पीएच.डी. करतेय. इंग्रजी लेखांचं झोटेरोत झकास चालतं, डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला की माहिती आपसूक भरते. घोडं अडतं ते मराठीपाशी. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नाही, सगळं हातानं भरायचं. तेही एक वेळ चालेल. पण वर्डमध्ये यादी काढली की मराठी नावांपुढे रोमन लिपीत ‘एट अल’ उमटतं, तिथं ‘व इतर’ हवंय. इंग्रजी नोंदी न बिघडवता हे जमतं का? आणि २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा आदेश, करवीर सरकारच्या गॅझेटमधला, कुठल्या प्रकारात नोंदवायचा? गाईड म्हणतात, शेवटी हातानं दुरुस्त कर. एवढ्या नोंदी? नको रे बाबा! शिवाय स्कॅनमुळे झोटेरोचे फुकटचे ३०० एमबी भरत आलेत. पीडीएफ कुठे ठेवता?