‘रात्रीस खेळ चाले’ : कुठलं पर्व खरी भीती घालतं? देखाव्यासाठी विचारतोय

मंडपवाला_पेठ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, साउंड-लाईटचा धंदा आहे. यंदा गणपतीत आमच्या मंडळाच्या पोरांनी सजीव देखाव्यात भुताचा वाडा करायचं काढलंय. त्यासाठी रोज जेवणं झाली की मी, बायको आणि आई ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताच्या मालिकेची तिन्ही पर्वं पहिल्यापासनं बघायला बसतोय. आई पदराआडनं बघते, पण जागची उठत नाही.

माझं मत सांगतो. २०१६ चं पहिलं पर्व म्हणजे नाद खुळा! सुरुवातच वाड्याचे मालक अण्णा नाईक यांच्या मरणानं. माणूस गेला आणि मागं राहिलेला जो तो एकमेकाकडं संशयानं बघतोय. भूत कुठं धड दिसत नाही, पण वाड्याच्या प्रत्येक दारामागं कोणतरी उभं असल्यागत वाटतं. त्यात तो वाड्यावरचा गडी पांडू! अर्धी गोष्ट सांगतो आणि नेमकं पुढचं विसरतो. आमची आई टीव्हीला ओरडते, “आरं सांग की मुडद्या, जीव घेतोस काय!” भीती आणि हसू एकदमच येतं. असला माणूस लिहिणाऱ्याला आपला सलाम.

२०१९ च्या दुसऱ्या पर्वात गोष्ट मागं जाते. अण्णा मरणार हे सगळ्यांना माहीत, तरी जीव टांगणीला. तिथं भुतापेक्षा जिवंत अण्णांचीच जास्त भीती वाटते. अण्णांचं जिच्याशी लफडं असतं ती शेवंता दारात उभी राहिली की बायको साडीचा काठ बघते, आई शिव्या घालते आणि मी लाईट कुठनं मारलाय ते बघतो.

तिसऱ्यात अण्णा आणि शेवंता भूत होऊनच येतात. भूत सरळ समोर दिसलं की आई चहा टाकायला उठते. माझ्या दृष्टीनं निकाल तिथंच लागला.

तर दोन प्रश्न. देखाव्यात भूत दाखवायचं का नाही? आणि टीव्हीवर भुताचा धूर जमिनीवरनं सरपटत येतो, तसा कसा काढायचा? आमच्या मशीनचा धूर वर चढतो आणि पहिल्या रांगेला ठसका लागतो.

राजारामपुरी_तांत्रिक
भावा, धुराचं मी सांगतो, आमच्या गल्लीत देखाव्याला हेच उद्योग चालतात. तुझ्या मशीनमध्ये लिक्विड तापवून धूर होतो, तो गरम असतो म्हणून वर जातो. जमिनीवर सरपटणारा धूर पाहिजे तर ड्राय आईस आण. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशाच्या आसपास. गरम पाण्यात टाकला की गार, जड धुकं उठतं आणि पायऱ्या उतरत खाली येतं. बघायला एक नंबर.

पण दोन गोष्टी काळजीनं कर. उघड्या हातानं धरायचा नाही, कातडी जळते. जाड हातमोजे घाल. आणि पडदे लावून मंडप गच्च बंद केलास तर तो वायू खालीच साठतो, बारकी पोरं उंचीनं तिथंच असतात. मागची बाजू उघडी ठेव, पंखा लाव. भीती घालायची आहे, पोरं गुदमरवायची नाहीत.

सावंतवाडीची_माहेरवाशीण
दादा, माझं माहेर आकेरीपासून जवळ, मालिकेचं शूटिंग झालं तेच गाव. आमच्याकडे तेव्हा काहींनी विरोधही केला, कोकण म्हणजे नुसती भुतं असं लोकांना वाटेल म्हणून. पण घरोघरी साडेदहाला टीव्ही लागायचाच.

मला विचाराल तर भूत दाखवू नका, अण्णांची बायको माई दाखवा. माई नुसती बसून राहते, बोलत काही नाही, आणि घरातलं सगळं तिला ठाऊक आहे हे आपल्याला कळतं. तिथे माझ्या अंगावर काटा येतो. आवाजही कमी ठेवा. कोकणात पावसाळी रात्री रातकिडे आणि बेडूक इतके ओरडतात की ते एकदम थांबले की माणूस दचकतो. तुमच्या स्पीकरवर तेवढंच लावा आणि मधेच बंद करा.

आणि हात जोडून सांगते, पोरांना खोटी मालवणी बोलायला लावू नका. तुमचं भूत कोल्हापुरीच बोलू दे.

रात्रपाळी_सिस्टर
मला दुसरं पर्वच आवडतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या भागात लाईट नव्हती, एपिसोड बुडाले. वॉर्डातल्या एक आज्जी पुढचं काय झालं असेल ते स्वतःच रचून सांगायच्या. त्यांच्या गोष्टीत अण्णांशी वैर असलेल्या वच्छीनं अण्णांना पार पंचगंगेपर्यंत पळवलं होतं! नंतर खरे भाग बघितले, पण आज्जींची वच्छी जास्त जबर होती.

देखाव्याला वच्छी पाहिजेच. तिचं ओरडणं ऐकलं की रांगेतली माणसं आपसूक मागं सरकतील.

मंडपवाला_पेठ
सगळ्यांचे आभार, लई कामाचं मिळालं. पोरांबरोबर बसलो आणि ठरलं: भूत नाही. अंधारा सोपा म्हणजे ओसरी, एक पिवळा दिवा, माई बसलेली, रातकिडे चालू. पांडू पुढं येऊन कोल्हापुरीत अर्धी गोष्ट सांगणार, विसरणार, आणि त्याच क्षणी मी रातकिडे बंद करणार. मग पायऱ्यांवरनं धूर. वच्छी नुसती आवाजानं, पाठीमागनं. मंडपाची मागची कनात उघडीच राहील.

पांडू मिळालाय, आमच्यातलाच एक, त्याला पाठांतर जमत नाही. माई अजून नाही. लुगडं नेसून पाच मिनिटं पापणी न हलवता बसतील अशा कोणी मावशी माहीत असतील तर इथं सांगा. तालीम रोज रात्री नऊला, जेवण मंडळाकडनं.