लेकरांसोबत पाण्याच्या काठाने : आपापले अनुभव सांगा

आपल्या खान्देशाला समुद्र नाही. पोरांना लाटा दाखवायच्या तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. पण तापी आहे, तोरणमाळचं तळं आहे, पाटणादेवीचे ओढे आहेत. लहान लेकरं घेऊन काठाकाठाने कोण पायी हिंडलंय? काय फसलं तेही लिहा. सुरुवात मीच करते.

चांगदेव, मुक्ताईनगर

मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. फेब्रुवारीतला रविवार. चांगदेवाचं देऊळ बघून तापी-पूर्णेच्या संगमाच्या बाजूला दीड-दोन किलोमीटर चालायचं, एवढाच बेत. आम्ही अंतर फक्त जातानाचं धरलं, ही पहिली चूक. अर्ध्या तासात मुलगा 'आजून कितलं दूर शे?' वर आला. (अहिराणी ही धुळ्याच्या आजीची देणगी.)

दुसरी चूक मोठी. हतनूर धरणाचं पाणी इथवर फुगतं आणि हटलं की काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला, आत मात्र लिबलिबीत. मुलगी पळत दोन पावलं पुढे गेली ती गुडघ्यापर्यंत आतच. ह्यांनी पालथं पडून तिचे हात धरले आणि ओढून काढलं. एक चप्पल तापीमाईने ठेवून घेतली. तेव्हापासून आमचा नियम : म्हशींचे खूर खोल उमटलेले दिसले की तिथून पुढे जायचं नाही.

मग झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. समोर नारिंगी चक्रवाकांची जोडी तरंगत होती. मुलाने विचारलं, हे पाणी कुठे जातं? म्हटलं, सुरतेला, समुद्रात. 'मग ताईची चप्पल पण?' हे म्हणाले, 'कसली जाते! हतनूरलाच अडकेल. तिथून सुटली तर उकई आहेच.'

तोरणमाळ (शहाद्याहून)

आमच्या जुळ्या मुली, वय पाच. यशवंत तलावाच्या काठाने चालायचं म्हणून भल्या पहाटे निघालो आणि सातपायरी घाटात दोघींनी आळीपाळीने ओकाऱ्या काढल्या. वर पोचल्यावर लगेच चालवलं, तर दोघी रस्त्यातच बसल्या. तासभर नुसतं बसू द्यायला हवं होतं. शेवटी तिथल्याच एका पोराने दगड उचलून खेकडा दाखवला, तेव्हा उठल्या. पुढचं अंतर खेकडे शोधत कसं कापलं, कळलंच नाही. सीताखाई राहून गेली. ती तशीही लेकरांना घेऊन कड्याजवळ जाण्याची जागा नव्हे.

पाटणादेवी, चाळीसगाव

आम्ही श्रावणात केदारकुंडाकडे निघालो होतो. डोक्यावर ऊन होतं, पण ओढ्याचं पाणी बघता बघता गढूळ झालं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली असंच होतं. मी म्हटलं परत. नवरा म्हणाला, 'एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचं?' सहा वर्षांचा मुलगा रडला, मीही आवाज चढवला, पण वळलो. परतीला पाटणच्या शिलालेखाची गोष्ट सांगितली : भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याचा हा 1207 सालचा लेख. (हा चांगदेव वेगळा, वाघावर बसणारा नव्हे.) मुलाने एवढंच विचारलं, 'म्हणजे इथे गणिताची शाळा होती?' आणि पुढे गाडीपर्यंत अगदी गप्प.

अमळनेरचे आजोबा

तुम्ही सगळे फार लांब जाता बुवा. मी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन रोज बोरीच्या पात्रात जातो. हिवाळ्यात ऊन कोवळं असताना बरं. चैत्र लागला की सकाळी आठच्या आत घरी. पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे आणि एक जुनं धोतर जवळ ठेवतो. तो दमला की धोतराची झोळी करून पाठीशी बांधतो. आता माझी पाठ बोलते, ते सुनेला सांगत नाही.

तासाभरात आम्ही जेमतेम दोनशे पावलं चालतो. प्रत्येक गोटा उचलायचा, चाटून बघायचा (हे मी थांबवतो), मग खिशात टाकायचा. परवा धुणं धुताना हिने त्याच्या चड्डीच्या खिशातून सतरा गोटे काढले. फेकणार होती. नातवाने तुळशीपाशी ओळीने मांडायला लावले आणि रोज सकाळी मोजतो. अकराच्या पुढे त्याला येत नाही, म्हणून उरलेले सहा माझे.