मदत हवी आहे : मराठी शाळेतील मुलांसाठी वाम्पनोआग संस्कृतीची कार्यशाळा

नमस्कार,

आम्ही काही पालक मिळून बॉस्टनजवळ दर रविवारी मराठी शाळा चालवतो. सात ते बारा वर्षांच्या आमच्या मुलांसाठी येत्या एप्रिलमध्ये युरोपीय येण्याआधीपासून या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाम्पनोआग लोकांच्या इतिहासावर आणि संस्कृतीवर दोन तासांची कार्यशाळा घ्यायची आहे, आणि ती त्याच समाजातील शिक्षकांनी घ्यावी असा आमचा आग्रह आहे. ज्यांनी अशी कार्यशाळा आयोजित केली आहे किंवा जवळून पाहिली आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणानिमित्त माझी मुलगी तिच्या शाळेतून रंगीत कागदी पिसांचा टोप घालून घरी आली. तसा टोप पश्चिमेकडील मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. या किनाऱ्यावरच्या लोकांचा तो नव्हेच. "ते लोक आता कुठे राहतात?" असे मी विचारले, तेव्हा "ते आता नाहीत" असे ती अगदी सहज म्हणाली. ते उत्तर मला फार लागले, कारण मॅशपी हे गाव आमच्या घरापासून गाडीने दीड तासावर आहे आणि तिथे व मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या अक्विना येथे हा समाज आजही नांदतो आहे.

माझी पहिली अडचण इतिहासाची आहे. थँक्सगिव्हिंगची गोष्ट जिच्यावरून सांगतात, त्या 1621 च्या इंग्रज वसाहतकारांबरोबरच्या मेजवानीला ओसामेक्विन हा वाम्पनोआग प्रमुख सुमारे 90 माणसे घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणे आणली, इथवर सांगणे सोपे आहे. परंतु या इंग्रजांची प्लिमथ ही वसाहत ज्या जागी उभी राहिली, ते वाम्पनोआगांचे पटक्सेट गाव त्याआधी काहीच वर्षे साथीच्या रोगाने ओस पडले होते. 1614 मध्ये पळवून नेऊन स्पेनमध्ये विकलेला तिथलाच तिस्क्वांटम परतला, तेव्हा त्याच्या गावात कोणीही उरले नव्हते. पुढे 1675 मध्ये ओसामेक्विनच्याच मुलाला, मेटाकॉमला, वसाहतींशी युद्ध करावे लागले, त्यात तो मारला गेला आणि त्याच्या लहानग्या मुलाला गुलाम म्हणून विकण्यात आले. यातले सात वर्षांच्या मुलांना किती सांगावे आणि ते आपण आधी सांगावे की पाहुण्या शिक्षकांवर सोपवावे?

दुसरा प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. प्लिमथच्या संग्रहालयात आम्ही मिशून, म्हणजे एका अखंड ओंडक्यापासून होणारी होडी, घडताना पाहिली होती. ओंडक्यात विस्तव ठेवून लाकूड हळूहळू जाळायचे आणि जळलेला भाग खरवडून काढायचा, असे ते काम दिवसेंदिवस चालते. मुले बराच वेळ न बोलता नुसती बघत उभी राहिली होती. आधी बघायचे, मग हात लावायचे आणि प्रश्न सर्वांत शेवटी, ही रीत दोन तासांत, वर्गाच्या चार भिंतींत साधते का? मका, घेवडा आणि भोपळा एकाच आळ्यात लावण्याचे प्रात्यक्षिक मला जास्त जमण्यासारखे वाटते; ज्यांच्या आजोबांनी ज्वारीत तूर घेतली आहे, त्या मुलांना ते चटकन कळेल.

भाषेविषयी तर मला मनापासून बोलायचे आहे. वाम्पनोआग भाषा शंभराहून अधिक वर्षे कोणी बोलत नव्हते. 1663 मध्ये तिच्यात छापलेले बायबल, जुनी खरेदीखते आणि मृत्युपत्रे यांच्या आधारे याच समाजातील भाषातज्ज्ञ जेसी लिटल डो बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून ती पुन्हा उभी केली, आणि आज लहान मुले तिच्यात शिकतात. रविवारी सकाळी मुलांना मराठी शाळेसाठी उठवणाऱ्या आम्हा पालकांना हे ऐकायचे आहे, म्हणून शेवटचा अर्धा तास पालकांसाठी ठेवण्याची विनंती करणे योग्य ठरेल का?

मानधन आम्ही देणारच आहोत, फक्त ते आपण सुचवावे की त्यांनाच विचारावे, हे कळवावे. कार्यक्रमाचे छायाचित्रण करण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी, हेही सांगावे. 'रेड इंडियन' हा शब्द आम्ही वर्ज्य केला आहे. मराठी पत्रकात 'आदिवासी' लिहावे, 'मूळ रहिवासी' लिहावे, की सरळ 'वाम्पनोआग' एवढेच पुरे, याबद्दल आमच्यात एकमत झालेले नाही. निमंत्रणाचे पत्र जानेवारीच्या अखेरीस पाठवायचे आहे, त्यामुळे त्याआधी मिळालेल्या सूचनांचा फार उपयोग होईल.