हे ठेवू का टाकू? : जुने कागद आवरतानाचे तुमचे अनुभव

आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेलीय. जागा रिकामी करायला महिना मिळाला, त्यातले तीन आठवडे भाड्याचं घर शोधण्यात गेले. उरलेल्या आठवड्यात एकोणतीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा आहे. भांड्याकुंड्यांचं काही वाटलं नाही. गाडं अडलं ते माळ्यावरच्या तीन पिशव्या आणि एका हिरव्या ट्रंकेपाशी. त्यात नुसते कागद.

विजेची बिलं वर्षवार, सुतळीने बांधलेली (सासऱ्यांची शिस्त). गॅसचं पुस्तक, जुनी रेशनकार्डं, मुलांची प्रगतिपुस्तकं. आमच्या लग्नातली आहेराची वही, त्यात 'खालच्या मजल्यावरचे, 51 रु. व स्टीलचा डबा'. दुधाचा हिशेब लिहिलेली कालनिर्णयची पानं. त्यातल्या एका पानावर सलग नऊ दिवस नुसतं 'नाही', 'नाही', 'नाही'. ते नऊ दिवस आम्ही होतो तरी कुठे, यावर नवरा आणि मी रात्री साडेअकरापर्यंत वाद घातला. मी म्हणत होते कोकण, तो म्हणत होता अष्टविनायक. दोन्ही चूक. सासूबाईंचं ऑपरेशन झालं होतं, सगळे दवाखान्यात होतो.

बिलं रद्दीत गेली, हात जराही थरथरला नाही. मग सासूबाईंच्या अक्षरातली वाण्याची यादी हाती आली. साबुदाणा अर्धा किलो, गूळ एक किलो, आणि पुढे 'वेलची (बघून घेणे)'. त्या जाऊन अकरा वर्षं झाली. ही यादी ना कामाची ना धामाची, आणि तासभर माझ्या हातातून सुटत नाहीये.

तुम्ही काय केलंत? 'सहा महिने वापरलं नाही की फेका' हे मला पाठ आहे, ते नको. प्रत्यक्ष काय झालं ते सांगा.

*

साताऱ्याकडून

ताई, बिलं खुशाल टाका. शाळेचा कागद मात्र, कुणाचाही असो, टाकायच्या आधी थांबा.

चार वर्षांपूर्वी आजीच्या खोलीला रंग काढला तेव्हा पोतंभर कागद मी स्वतः भंगारवाल्याच्या गाडीवर टाकले. वाळवी लागली होती, कोण निवडत बसणार? पुढे मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणी आली. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. (अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961.) म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा.

गावच्या शाळेत गेलो. गुरुजी भले माणूस, जनरल रजिस्टर काढून दिलं, पण नेमकी ती पानं कसरीने खाल्लेली. मग तहसील, मग जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. ते मोडीत. मोडी वाचणारा शोधला. 2023 पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यावर आमच्या भागात मोडी वाचणाऱ्याला जेवायला सवड नाही. त्याने दहा दिवसांनंतरची वेळ दिली. शेवटी पणजोबांच्या नावाची नोंद सापडली, प्रवेशही झाला. सगळ्याला अडीच महिने आणि एक एसटीचा पास लागला.

आजोबांचा दाखला त्या पोत्यात होता का, हे आता कळायला मार्ग नाही. आई काही बोलत नाही. विषय निघाला की फक्त माझ्याकडे बघते.

*

ठाणे

मी सगळं फेकलं. पत्रं, भेटकार्डं, वह्या, लग्नपत्रिका. आठ वर्षं झाली, कधी काही अडलं नाही, कशाची आठवणही आली नाही. असेही लोक असतात म्हणून लिहिलं.

(घराचे कागद आणि दाखले एका फाइलीत होते, ती ठेवली. एवढाही वेडा नाही.)

*

निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

मेव्हणे गेल्यावर बहिणीचं कपाट लावायला बसलो. भाचा म्हणाला, 'मामा, हे पिवळे कागद टाकू का?' ते शेअर सर्टिफिकेटं होती, नव्वद सालानंतरची. कंपनीचं नाव मधल्या काळात दोनदा बदललेलं, त्यामुळे पोराला वाटलं बुडीत कंपनी असेल. तसं समजू नका. कंपनी दुसरीत विलीन झालेली असू शकते. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, पण बुडत नाहीत, अर्ज करून परत मागता येतात. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर्स दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, वारसाच्या नावे मात्र करून घेता येतात. आमचं प्रकरण पावणेदोन वर्षं चाललं. सहीच जुळेना, कारण मेव्हण्यांनी तरुणपणी मराठीत सही केली होती आणि नंतर इंग्रजीत. किती मिळाले ते सांगत नाही, बहिणीने बजावलंय.

जुनी पासबुकंही तशीच फेकू नका. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण वारसांचा हक्क जात नाही. शोधायला त्यांचं 'उद्गम' पोर्टल आहे. निदान खातेक्रमांक लिहून घ्या, मग फाडा.

पोस्टातलं इंदिरा विकास पत्र आठवतंय का कुणाला? त्यावर नावच नसायचं. नोटेसारखं ज्याच्या हाती त्याचं. एका ग्राहकाच्या बायकोने कपाटात कागद अंथरायला ती वापरली होती. रंग छान होता म्हणे.

*

सांगली

आम्हाला आवरावं लागलं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णामाईने आवरलं.

पाणी येणार हे कळत होतं. आम्ही गाद्या, तांदूळ, टीव्ही वर नेले. कागदांची पेटी पलंगावर ठेवली, तिथवर येणार नाही म्हणून. पाणी पलंगाच्या वर दोन हात होतं. उतरल्यावर पेटी उघडली तर आत लगदा आणि वास. तो वास अजून नाकात आहे.

तेव्हा शिकलेलं लिहून ठेवते, कुणाला लागू नये. शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं वाहून गेलं. बॉलपेन राहिलं. शिसपेन्सिल तर जशीच्या तशी, बाबांची शेताची मापं पेन्सिलीत होती म्हणून वाचली. दहावीची गुणपत्रिका मोठ्या हौसेने लॅमिनेट केली होती, तिच्या कडेने पाणी आत शिरलं आणि बाहेर यायला जागाच नाही. आतल्या आत बुरशी. फोटो एकमेकांना चिकटलेले होते. मी ते उन्हात टाकायला निघाले, तर गल्लीतले स्टुडिओवाले काका ओरडले, 'वहिनी, वाळवू नका, वाळले की मेले!' त्यांनी टबात स्वच्छ पाणी भरून घेतलं, फोटो त्यात बुडवून हलक्या हाताने सोडवले आणि चेहरा वर करून सावलीत वर्तमानपत्रावर पसरले. त्यांचं स्वतःचं दुकान तेव्हा अर्ध्यापर्यंत चिखलात होतं.

लग्नाच्या अल्बममधले छत्तीस फोटो वाचले. त्यातल्या बत्तिसांत जेवणाच्या पंगती आहेत. सप्तपदी गेली, जिलबी राहिली.

*

नाशिक

जरा लांबेल.

बाबा रेल्वेत, भुसावळला. लग्नानंतर पहिली सहा वर्षं आई सिन्नरला सासरी. बाबांची एकसष्ट पत्रं आईने तारेला ओवून ठेवली होती. दुकानात बिलं अडकवतात ती आकड्याची तार. बाबा गेल्यावर ती तार मी पहिल्यांदा खाली काढली. मला वाटलं, प्रेमपत्रं असतील. वाचून चिडलेच. पत्र पोस्टमनकडून आजोबांच्या हाती जायचं आणि सगळ्या घरासमोर वाचलं जायचं, त्यामुळे आईला उद्देशून एक वाक्य नाही. सुरुवात 'ती. अप्पांचे चरणी बालके शि. सा. न. वि. वि.', मग बदली, महागाई, धाकट्याची फी, आणि शेवटी 'घरातील मंडळींस यथायोग्य'. त्या मंडळींत आई.

मी म्हटलं, 'आई, यात तुला काय होतं गं जपायला?'

ती हसली. म्हणाली, 'पाऊस बघ.'

काही पत्रांत मधेच एक ओळ होती, 'इकडे पाऊस बरा आहे'. एकदा तर मार्चमधल्या पत्रात. मार्चमध्ये भुसावळला पाऊस! आजोबांनी तेव्हा म्हणे मान डोलावून 'अवकाळी' म्हटलं होतं. पाऊस लिहिला की बाबा येत्या शनिवारी येणार, असं त्या दोघांचं ठरलेलं. आई शुक्रवारी न्हायची. पन्नास वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि मग म्हणाली, 'आता जाळून टाक. माझ्यामागे तुम्ही सगळी मिळून वाचाल, ते मला नको.'

मी पुष्कळ वाद घातला. पत्रं तिला आलेली, पण बाबा माझेही ना? तिचं उत्तर एकच, 'तुला आलेली नाहीत.' शेवटी मागच्या अंगणात घमेलं ठेवलं. रोज दोन पत्रं, मी मोठ्याने वाचायची, मग तिने स्वतः विस्तवावर धरायची. महिना लागला. बिनपावसाची आधी संपवली. पावसाची अकरा होती, ती वाचायची वेळ आली तेव्हा म्हणाली, 'ही नको वाचूस.' तिने नुसती उलटसुलट करून बघितली, एकेक.

मी एक पत्र चोरून ठेवलंय. मार्चमधलं. आई अजून आहे, एक्क्याऐंशी पूर्ण, आणि मला दाट संशय आहे की तिने तेव्हा मोजली होती.

*

डिचोली, गोवा

आमच्याकडे कागद पोर्तुगीजमधले. आजोबांनंतर घरात ते वाचणारं कुणी नाही. तिजोरीत एक जाड, लाखेचा शिक्का असलेला कागद 'जमिनीचा' म्हणून तीस वर्षं जपला, दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू. एका वृद्ध शिक्षकांकडून वाचून घेतला तर ती शिवणयंत्राच्या खरेदीची पावती निघाली. जमिनीचा खरा कागद होता तो पातळ, मळका, चौथ्या घडीवर तुटलेला, जो आई पुरणपोळीच्या डब्याखाली घालायची. आता फॉर्म एक आणि चौदावर (आमच्याकडचा जमिनीचा उतारा) नावं नीट लागलीत, तरी तो मी काचेत लावलाय. हळदकुंकू पावतीलाच चालू आहे, आई ऐकत नाही.

*

न्यू जर्सी

भावाने आणि मी मिळून आईबाबांच्या घरचे सगळे कागद स्कॅन केले. दोन सुट्ट्या त्यात गेल्या. मूळ कागद रद्दीला. फाइलींना नावं द्यायचं राहून गेलं, सगळ्यांची नावं यंत्राने दिलेले नुसते आकडे. तीन वर्षांत त्यातली एकही आम्ही उघडलेली नाही. आधी निदान ट्रंकेला अडखळायचो तरी.

*

पुन्हा मीच

सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. नाशिकच्या ताई, चोरलेलं पत्र आईंना दाखवू नका, आणि त्यांनी विचारलं तर खोटंही बोलू नका, एवढंच सुचतंय.

सातारकरांचं वाचून रद्दीच्या गठ्ठ्यातून शाळेचे कागद परत उपसले. सासऱ्यांचा चौथीचा दाखला 1953 च्या एका बिलाला टाचणीने लावलेला होता. टाचणी गंजून आरपार डाग पडलाय, पण तारीख वाचता येते. सांगलीचं वाचून लॅमिनेशनचा बेत रद्द, साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातला. रद्दी भरली एकोणचाळीस किलो. रद्दीवाल्याने काट्याकडे बघून 'मास्तरांचं घर का?' असं विचारलं.

वाण्याच्या यादीचं काही ठरवलं नाही. काल नव्या घराच्या किराण्याला जाताना ती पर्समध्ये टाकली आणि तीच यादी घेऊन सामान आणलं. साबुदाणा नको होता, तरी आणला. वेलची बघून घेतली.

ट्रक उद्या सकाळी आठला येतोय. ट्रंक रिकामी झाली असं लिहिणार होते, पण आत्ता झाकण उघडून बघितलं तर नवऱ्याने तळाशी ते नऊ 'नाही'चं पान परत ठेवलंय.