मदत हवी: ३० वर्षांच्या वहीतून नारळाच्या भावाचा खरा कल कसा काढू?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाजवळचा. घरच्या भाटात (नारळाच्या बागेत) पंचवीसेक माड. नारळाचा शेकड्याचा दर पपा वहीत लिहून ठेवायचे; पाडेली (नारळ पाडणारा) आला नाही त्या महिन्यात बाजारात विचारून. जानेवारी १९९४ ते डिसेंबर २०२३, एकही महिना गाळलेला नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) महिन्यापुढे तांबडी फुली.

काका म्हणतात, नारळाला सोन्याचा भाव आलाय. पपा म्हणतात, पाडेल्याची मजुरी बघ, नारळ होता तिथेच आहे. हे भांडण मिटवायला मी सगळे आकडे एक्सेलमध्ये घातले आणि स्वतःच अडकलो.

हंगामी चढउतार जावेत म्हणून १२ महिन्यांची चल सरासरी (दर महिन्याला एक घर पुढे सरकणारी) काढली. तरी रेषेत मध्येच उंचवटा, मग खड्डा. दोन रात्री सूत्र तपासलं, सूत्र बरोबर. मग फुल्या बघितल्या. २०२१ ची चवथ १० सप्टेंबरला, २०२२ ची ३१ ऑगस्टला. म्हणजे सप्टेंबर ते ऑगस्ट या १२ महिन्यांत माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळांची), नेवऱ्यांची (करंज्यांची) खरेदी दोनदा! पुढची चवथ अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबर २०२३ ला, त्यामुळे नंतरच्या १२ महिन्यांत एकदाही नाही. यावर उपाय काय? आणि महागाई कशी वजा करू? महागाई निर्देशांकाचं पायाभूत वर्ष (ज्याचा आकडा १०० धरतात ते) तर दोनदा बदललंय.

प्रतिसाद:
फुलीवर विसंबू नका. २०१९ ची चवथ २ सप्टेंबरला होती, खरेदी जवळजवळ सगळी ऑगस्टात. चवथीआधीचे १० दिवस धरा, त्यांतले किती कुठल्या महिन्यात पडतात तो हिस्सा वेगळ्या रकान्यात लिहा आणि समाश्रयणात (रिग्रेशन हो! कुठल्या कारणाचा भावावर किती परिणाम, ते वेगळं काढणारं गणित) घाला. पावसाळा-उन्हाळ्यासाठी महिने वेगळे घालाच, पाऊस काही पंचांग बघून येत नाही. एवढी खटपट नको असेल तर ३६ महिन्यांची सरासरी घ्या. एखादी चवथ कमीजास्त झाली तरी तिचा भार १/३६ च राहतो. फक्त दोन्ही टोकांची दीडदीड वर्षं हातची जातात.

महागाईसाठी औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय निर्देशांक घ्या. २०१६ पायाचा आकडा गुणिले २.८८ म्हणजे २००१ पायाचा, तो गुणिले ४.६३ म्हणजे १९८२ पायाचा. सगळी मालिका एका पायावर आणून मग भागा आणि आलेख लॉग मोजपट्टीवर (सारख्या टक्केवाढीला सारखी उंची) काढा. साध्या पट्टीवर अलीकडची वर्षं उगाच उभी चढल्यासारखी दिसतात.

बाकी काका आणि पपा एकाच प्रश्नावर भांडत नाहीयेत. काका नुसता रुपयातला भाव बघतात, पपा तो मजुरीने भागतात. पाडेल्याची मजुरी लिहिलेली आहे का कुठे?

धागाकर्ता:
आहे की! त्याच वहीत, उलट्या बाजूने, दर माडामागे. ती मी हिशेबाची रद्दी समजून सोडली होती. आज उतरवायला घेतो.